टोरांटोतले सकाळचे नऊ

तांदळाच्या डब्यावर ठेवलेला माझा फोन थरथरला आणि त्याबरोबर डब्याचं झाकण किणकिणायला लागलं. रेवा झोपावी म्हणून मी घरातला एकेक आवाज मिटवत आणला होता. पंखा एकवर, मिक्सर उद्यावर, दारावरच्या बेलची वायर सुटी करून ठेवलेली, आणि फोन मुका करून स्वयंपाकघरात. स्टीलच्या डब्यावर मुका फोनही वाजतो हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. धावत जाऊन उचलला. शनिवारची संध्याकाळ होती, सात वाजून पस्तीस मिनिटं. दीड वर्षाची रेवा दोन दिवस अंगात कणकण घेऊन किरकिरत होती आणि तिचा आत्ता कुठे डोळा लागला होता.

"मदतीचा नंबर ना हा?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. "मी जळगावहून सुलभा खैरनार बोलते, तायडे मॅडमच्या केंद्रातून. माझ्या मुलीचा कॉल तिकडून बंद करून टाकतात हो. आज तिसरा शनिवार आहे."

नाशिकला गंगापूर रोडवर डोंगरे सरांची आमची चार माणसांची कंपनी होती. नवराबायको वेगळे झाले आणि मूल परदेशात एकाकडे राहिलं, की दुसऱ्याला ते पडद्यावर भेटावं अशी सोय कोर्ट लावून देतं. त्या भेटींसाठीचं सॉफ्टवेअर आम्ही बनवलं होतं. ठरल्या वेळी ते दार उघडायचं, वेळ संपली की बंद करायचं, कोण आलं कोण नाही याची नोंद ठेवायचं आणि दर सोमवारी ती नोंद दोन्हीकडच्या वकिलांना पाठवायचं. इकडच्या आईला किंवा बापाला समुपदेशन केंद्रात येऊन तिथल्या संगणकावरून बोलावं लागे, समोर केंद्राची बाई बसलेली असे. मी घरून काम करायचे, त्यामुळे शनिवारचे मदतीचे फोन माझ्याकडे वळवलेले असत.

मी लॅपटॉप उघडून नोंद पाहिली. सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी टोरांटोहून गार्गी खैरनार, वय सात, आणि तिचे वडील आले होते. सात वाजेपर्यंत थांबले होते. जळगावची बाजू रिकामी. त्याच्या आधीच्या दोन शनिवारीही तसंच.

"ताई, तुमची वेळ साडेसहाची होती," मी म्हटलं. "ते लोक अर्धा तास थांबले होते. तुम्हीच उशिरा आलात."

"साडेसातची आहे. माझ्या हातात छापलेली चिठ्ठी आहे."

"जुनी असेल."

"आजची आहे. तारीख आहे की तिच्यावर."

आतून रेवा रडायला लागली. फोन कानाशी धरून मी तिला उचललं आणि घाईघाईने म्हणाले की सर्व्हरवरची वेळ चुकत नाही, नोंद माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"म्हणजे तुमचं मशीन शहाणं, आणि मीच वेडी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला आज जास्त आठवतं. "बरं. मुलीला बघा आधी. रडतेय ती."

तिने फोन ठेवल्यावर मी रेवाला एका हाताने थोपटत दुसऱ्या हाताने तक्रार निकालात काढली. तक्रार बंद करताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: वापरणाऱ्या व्यक्तीची चूक, वेळ पाळली नाही, यंत्रणेत दोष नाही. मग रेवाला पेज भरवली. त्या रात्री ती छान झोपली आणि तिच्याबरोबर मीही.

मंगळवारी दुपारी तायडे मॅडमनी एका चिठ्ठीचा फोटो पाठवला. तायडे मॅडम म्हणजे केंद्रातल्या समुपदेशक, पन्नाशीच्या, कुठलीही गोष्ट दोनदा सांगण्याची सवय असलेल्या. फोटोत शनिवारची तारीख होती, गार्गीचं नाव होतं आणि वेळ साडेसातची होती. खाली त्यांनी लिहिलं होतं की गुरुवारी कोर्टात तारीख आहे, मुलीच्या वडिलांच्या वकिलाने सगळ्या नोंदी मागवल्यात, जरा पुन्हा बघा. बाई खोटं बोलणारी नाही. मी दर शनिवारी तिच्यासोबतच असते, बाई खोटं बोलणारी नाही.

मी माझ्या लॅपटॉपवर तीच चिठ्ठी काढून पाहिली. साडेसहा. पुन्हा काढली, साडेसहा. मग मॅडमना फोन केला आणि विचारलं की चिठ्ठी छापणारा केंद्रातला संगणक कोणता आहे.

"तोच तो जुना, विंडोजवाला," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात त्याच्यावर सारखी लाल अक्षरं येत होती आणि तुम्ही एका दुपारीत घालवलीत, तोच. तेव्हापासून काही त्रास नाही बघा. अगदी गप्प चालतोय."

मी बसले होते ती खाली बसले. म्हणजे खुर्चीवरून उतरून फरशीवर. रेवाला वाटलं खेळ आहे, ती येऊन पाठीवर चढली.

डिसेंबरातली ती दुपार मला मिनिटामिनिटाने आठवत होती. टोरांटोत नऊ वाजले की जळगावात किती, हा हिशोब आम्ही स्वतः करत नाही. त्यासाठी लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, असते, जगभर हजारो लोक ती वापरतात. पण तिलाही ते तोंडपाठ नसतं. कोणत्या देशाने कोणत्या साली कोणत्या रविवारी घड्याळ पुढे केलं, मागे केलं, याची एक मोठी वही असते, आणि माझ्या मॅकवर किंवा आमच्या लिनक्सच्या सर्व्हरवर ती वही यंत्रणेतच ठरल्या जागी ठेवलेली असते. लायब्ररी तिथे जाऊन पान उघडते आणि सांगते. विंडोज आपली वेळेची माहिती वेगळ्या तऱ्हेने, वेगळ्या नावांनी ठेवतं. लायब्ररी तिथे गेली की तिला ती वही सापडत नाही आणि ती लाल अक्षरांत ओरडते, असा टाइमझोन इथे नाही. उपाय सगळ्यांना माहीत आहे. ती वही सॉफ्टवेअरबरोबर वेगळी द्यायची. पण ती द्यायला केंद्रातल्या संगणकावर नव्याने सगळं बसवायला हवं होतं, त्यांचा संगणकवाला लग्नाला गेला होता, दुसऱ्या दिवशी भेटी होत्या, आणि रेवाला दाढा येत होत्या.

म्हणून मी एक तक्ता केला. वही सापडली नाही तर हा तक्ता बघ. केंद्रांच्या यादीतली अकरा शहरं घेतली, एकेकाचा आपल्या वेळेशी असलेला फरक इंटरनेटवर पाहिला आणि हाताने लिहून काढला. दुबई दीड तास, मस्कत दीड तास, सिंगापूर अडीच तास. टोरांटो साडेदहा तास. वर लिहिलं, तात्पुरतं, नंतर नीट करायचं. लाल अक्षरं गेली. मॅडमनी फोन करून कौतुक केलं आणि मला मनापासून बरं वाटलं.

टोरांटोचा फरक डिसेंबरात साडेदहाच तास असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात आणि फरक साडेनऊवर येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. पण ज्या घरात मी वाढले तिथे भिंतीवरचं घड्याळ सेल संपल्याशिवाय कुणी खाली काढलं नाही. घड्याळ बदलतं ही गोष्ट माझ्या डोक्यात होती, हाताला तिची सवय नव्हती, आणि तक्ता लिहिला होता तो हाताने. अकरातली दहा शहरं अशी होती जी माझ्यासारखीच, कधी घड्याळ न बदलणारी. चुकायला फक्त एक शहर होतं, आणि त्या शहरासाठी त्या संगणकासमोर बसणारी फक्त एक बाई.

हे सगळं श्रीनाथला सांगायला मला संध्याकाळ लागली. माझा नवरा सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, साडेतीनला घरी येतो, आणि संगणकाचं त्याला तेवढंच कळतं जेवढं मी त्याला जेवताना सांगते. तो पोळीचा घास हातात धरून ऐकत राहिला.

"तू तर आपल्या हॉलमधलं घड्याळसुद्धा दहा मिनिटं पुढे ठेवतेस," तो म्हणाला. मग त्याला माझा चेहरा दिसला. "ओरडू द्यायचं होतंस ना त्याला. तुझ्या त्या लायब्ररीला. आमच्याकडे पत्रा दाबायचा प्रेस बिघडला की भोंगा वाजतो. भोंगा वाजतो म्हणून हात वाचतात."

डोंगरे सरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. ते शांतपणे ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत, म्हणून त्यांना सांगणं सोपं वाटतं. दुरुस्तीला किती वेळ, असं त्यांनी विचारलं. अर्धा तास, मी म्हटलं. मग कर आत्ता, ते म्हणाले, पण कोर्टासाठी चूक कबूल करणाऱ्या पत्राची घाई नको. एकदा आपणच लिहून दिलं की चूक आमची, तर मागच्या सगळ्या नोंदींवर लोक बोट ठेवतील, ज्यांना खरंच यायचं नव्हतं तेही म्हणतील आम्ही आलो होतो. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. उद्या वकिलाशी बोलतो म्हणाले. मी सांगितलं की तिची तारीख गुरुवारी आहे. गुरुवार म्हणजे परवा, ते म्हणाले, उद्या बोलू.

दुरुस्ती त्या अर्ध्या तासात झाली. तक्ता पुसून टाकला, वही सोबत दिली, आणि वही सापडली नाही तर पडदाभर लाल अक्षरं येतील आणि चिठ्ठी छापलीच जाणार नाही अशी व्यवस्था केली. हे डिसेंबरात करायलाही अर्धाच तास लागला असता.

बुधवारी रेवाचा ताप एकशे दोनवर गेला. डॉक्टर, पट्ट्या, औषध थुंकून टाकणं, पुन्हा औषध. सरांचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या तापाचा एक प्रकारे आधार वाटला. मांडीवर तापलेलं पोर असलं की दुसरं काही आपल्याकडून होणार नाही असं स्वतःला सांगता येतं.

गुरुवारी पहाटे डबा भरताना श्रीनाथने विचारलं, "तू सरांच्या परवानगीची वाट बघतेयस, की ते नाही म्हणतील याची?"

त्याने डबा पिशवीत ठेवला, रेवाच्या कपाळाला हात लावला आणि तो गेला.

पत्र लिहायला वेळ लागला तो रेवामुळे. ती मांडीवर होती आणि मधूनमधून तिचं बोट कुठल्यातरी कळीवर पडायचं. मी लिहिलं की तीनही शनिवारी श्रीमती खैरनार केंद्रात हजर होत्या, त्यांना चुकीची वेळ दाखवली गेली, दाखवणारा भाग मी लिहिला होता, आणि त्यांच्या तक्रारीवर मी टाकलेला शेरा चुकीचा आहे. माझ्या नावाने सही केली. दहा वाजून दहा मिनिटांनी ते तायडे मॅडमना आणि बाईंना मोफत मिळालेल्या वकिलांना पाठवलं. मग सरांना.

साडेअकराला मॅडमचा फोन आला. त्यांचं प्रकरण पहिल्याच नंबरला निघालं होतं. समोरच्या वकिलाने तीन गैरहजेऱ्या वाचून दाखवल्या. बाई म्हणाल्या मी आले होते, चिठ्ठी चुकीची होती. तेव्हा त्याने आणखी एक कागद काढला आणि म्हणाला, ही तक्रार यांनी कंपनीकडे केली होती, कंपनीचं उत्तर ऐका. आणि माझ्या त्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या. वापरणाऱ्या व्यक्तीची चूक, वेळ पाळली नाही, यंत्रणेत दोष नाही. बाईंच्या वकिलांनी माझं पत्र फोनवर उघडून पुढे केलं, तर फोनवरचा कागद असा घेता येत नाही, रीतसर प्रतिज्ञापत्र करून पुढच्या तारखेला द्या, असं सांगण्यात आलं. पुढची तारीख जूनमधली, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची. मुलीला दर आठवड्याला वाट बघायला लावून त्रास होतो, म्हणून तोपर्यंत भेट महिन्यातून एकदाच, पहिल्या शनिवारी.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"काहीच नाही. येत्या शनिवारी तारीख काय, एवढं विचारलं. सहा आहे म्हटलं. म्हणजे पहिलाच ना, म्हणाली. पहिलाच, म्हटलं." मग मॅडमनी विचारलं, "शेरा तुम्हीच लिहिला होता का हो?"

"मीच."

"हं," त्या म्हणाल्या.

डोंगरे सरांनी नंतर फोन केला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, लिहिलंस ते बरं केलंस, मी विचारच करत बसलो असतो. मग म्हणाले, फक्त बुधवारी लिहायला हवं होतं आपण. त्यांनी आपण म्हटलं, त्याबद्दल मी अजून त्यांचे उपकार मानते.

शनिवारी दुपारच्या गाडीने मी जळगावला गेले. स्टँपपेपरवर केलेलं प्रतिज्ञापत्र पिशवीत होतं. ते टपालानेही गेलं असतं. श्रीनाथ म्हणाला रेवाला ठेवून जा, मी आहे, पण ती नुकती तापातून उठली होती आणि मला सोडून राहत नव्हती, आणि मलाही रिकाम्या हातांनी त्या बाईसमोर जायचं धैर्य नव्हतं. चाळीसगाव येईपर्यंत ती खिडकीतल्या प्रत्येक म्हशीला हात करत होती.

केंद्र म्हणजे एका बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक. बाकावर एक उंच, सडपातळ बाई पाय जुळवून बसली होती. शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची ती, उजव्या हाताच्या बोटांवर कसलेसे पिवळे डाग होते. मला तिची हकीगत मॅडमकडून तुकड्यातुकड्यांनी कळली होती. तीन वर्षं ती टोरांटोला राहिली होती. आई शेवटच्या दुखण्यात पडली म्हणून एकटी आली, आईचं सगळं होईपर्यंत पाच महिने गेले, आणि परत जायचे कागद नवऱ्याच्या सहीवर अडकून राहिले. सही आली नाही, वकिलाची नोटीस आली.

मी जवळ जाऊन नाव सांगितलं. ती उठून उभी राहिली, मग माझ्या कडेवरच्या रेवाकडे बघून म्हणाली, "हीच का रडत होती त्या दिवशी?"

मी हो म्हटलं आणि बोलायला लागले. गाडीत चार तास मनाशी जुळवलेलं सगळं एकदम तोंडात आलं. तिने हाताने थांबवलं. "आधी कॉल होऊ द्या," ती म्हणाली. "मग बोलू. आत्ता काही ऐकलं तर मला तिथे बसून रडू येईल, आणि तेवढी मिनिटं जातील."

तिने पिशवीतून केळीच्या वेफर्सचा पुडा काढून रेवाच्या हातात दिला. मग पदराला बांधलेली चिठ्ठी सोडून माझ्यापुढे धरली. साडेसहा.

"ही खरी ना?"

"खरी."

"तरी मी तीनला आले. मागच्या वेळी पाचलाच आले होते. इथेच बसले होते." तिने बाकावरून हात फिरवला. "दारातून आतला संगणक दिसतो बघा इथून."

मी पाहिलं. दिसत होता. बारा पावलं असतील. साडेसहापासून सातपर्यंत गार्गी त्या काचेपलीकडे आली होती, बसली होती, आणि ही इथे बाकावर साडेसातची वाट बघत होती, तीन शनिवार.

आत जायच्या आधी तायडे मॅडमनी मला बाजूला घेतलं. तिकडच्या वकिलाचा निरोप होता की महिन्यातून एकदाच हे मुलीला अजून सांगितलेलं नाही. वडील सावकाश, त्यांच्या पद्धतीने सांगतील, आज कॉलवर कुणी तो विषय काढायचा नाही. काढला तर तीही नोंद होईल. "सुलभाला सांगितलंय मी," मॅडम म्हणाल्या. "तुम्हालाही सांगून ठेवते."

साडेसहाला पडदा उजळला. गार्गी बसली होती. दोन घट्ट वेण्या, निळा स्वेटर, मागे फ्रिजवर चिकटवलेली चित्रं. ती समोर बघतच नव्हती. स्वेटरच्या बाहीचा एक धागा ओढत होती. चौकटीबाहेरून तिच्या वडिलांचा आवाज आला, बोल बेटा, आई आलीये.

"गार्गी," सुलभाताई म्हणाल्या. "बघ तरी इकडे, बाय माझी."

"तू तीनदा आली नाहीस," गार्गी धाग्याकडे बघत म्हणाली.

"मी आले होते गं. इथेच होते."

"नव्हतीस. मी बघितलं. तुझी खिडकी काळी होती."

"अगं, बाहेर बसले होते मी, ते काय झालं, संगणकाने..." आणि त्या अडखळल्या. काय झालं ते त्यांनाही नीट कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या पुन्हा सुरुवात करत होत्या, पुन्हा थांबत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेली मिनिटं उलटी मोजली जात होती, तेही मीच बसवलेलं. सव्वीस. पंचवीस.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा तिला. माझं आता खरं वाटायचं नाही."

चौकटीत तिसरं माणूस येऊ नये असा नियम आहे. तायडे मॅडम उठल्या आणि खिडकीबाहेर पेरूच्या झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी रेवाला घेऊन सुलभाताईंच्या शेजारी बसले. बाळ दिसल्यावर गार्गीने पहिल्यांदा मान वर केली.

"गार्गी, तुमच्याकडे मागच्या महिन्यात सगळी घड्याळं तासभर पुढे केली ना?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "बाबांनी ओव्हनचं पण केलं."

"आमच्याकडे कधीच करत नाहीत. त्यामुळे तुमची घड्याळं पुढे गेली हे इथल्या संगणकाला कुणीतरी सांगून ठेवायला लागतं. ते काम माझं होतं. मी सांगितलं नाही. म्हणून तुझ्याकडे नऊ वाजले तेव्हा हा संगणक आईला सांगत होता की अजून आठच वाजलेत. आई त्या तिथे बाहेर बाकावर बसून तुझे नऊ वाजायची वाट बघत होती. आणि तिने मला फोन करून सांगितलं की काहीतरी चुकतंय, तर मी तिलाच म्हटलं की तू उशिरा आलीस."

गार्गी धागा ओढायची थांबली. "तीनही वेळा बाकावर?"

"तीनही वेळा."

तिने आईकडे पाहिलं. "मी बोलले होते बाबांना," ती म्हणाली, "की आई विसरणार नाही. पहिल्यांदा बोलले होते. मग नाही बोलले."

सुलभाताईंनी पदर तोंडाशी धरला आणि लगेच काढला. पुढचा दात कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. मग दात दाखवून झाला. दात उशीखाली ठेवला तर काय मिळतं ते सांगून झालं. पोहण्याच्या वर्गातली एक मुलगी पाण्यात डोळे उघडे ठेवते, मराठीत डुबकी म्हणतात ना त्याला, आणि मावशीच्या लग्नात घातलेला तो परकर आता गुडघ्यापर्यंतच येतो. मी केव्हाच मागे सरकून भिंतीशी उभी राहिले होते. रेवा माझ्या खांद्यावर वेफर्सचा चुरा करत होती. सुलभाताई हसत होत्या. त्या हसतात कशा ते मी त्या दिवशी पाहिलं, समोरचे दोन दात जरा पुढे, गार्गीला नवे आले की तसेच येतील असे. मला वाटलं, एवढं तरी झालं.

आज रेवा गार्गीच्या तेव्हाच्या वयाची आहे. तिचेही दात पडताहेत. शाळेतून आली की ती मला दिवसभरातलं सगळं अशाच घाईने सांगते, आणि कधी मी कामात असले तर माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवून घेते. तसं कुणी वळवलं की मला ती खोली दिसते.

पडद्यावर दोन मिनिटं उरली. सुलभाताईंचं कोपऱ्यातल्या आकड्यांकडे लक्ष गेलं आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. नीट जेव, वेणी घट्ट घालू देऊ नकोस, असं काहीतरी त्या भराभर सांगत होत्या. पलीकडे गार्गी मात्र काहीतरी मनाशी जुळवत होती.

"ती बाळवाली मावशी आहे का अजून?" तिने विचारलं.

मी पुढे होऊन वाकले.

"आता सांगितलंत ना तुम्ही संगणकाला? आमच्या घड्याळाचं?"

"हो. सांगितलं."

"परत नाही ना चुकणार तो?"

"नाही चुकणार."

चौकटीबाहेर एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिच्या वडिलांनी घसा खाकरला. खिडकीपाशी तायडे मॅडम आमच्याकडे वळल्या होत्या. सुलभाताईंनी टेबलाखाली माझा हात पकडला. त्यांची बोटं गार होती. गार्गी दोन्ही कोपर टेबलावर टेकवून अगदी पुढे आली, तिचं तोंड पडदाभर झालं, आणि सगळं व्यवस्थित झाल्यावर मुलं जशी खात्री करून घेतात तशी ती मला म्हणाली,

"मग पुढच्या शनिवारी आई बरोबर नऊला येईल ना?"